नवी सिस्टिम अंगात आली

मी एक जुना मोबाइल बोलतोय. मुक्काम मलकापूर, फारुखभाईंचं गाद्या-रजयांचं दुकान. माझी काच कोपऱ्यात तडकलीय, आवाज मात्र खणखणीत आहे.

आधी मी फारुखभाईंचा होतो. त्यांना बीपीच्या गोळीचं भान राहत नसे, म्हणून त्यांच्या मुलीनं, रुबिनानं, माझ्यासाठी एक ॲप लिहिलं. दुपार झाली की मी तिच्याच आवाजात विचारायचो, "अब्बा, गोळी घेतली का?" डॉक्टरला न जुमानणारी म्हातारी माणसं लेकरांच्या आवाजाला जुमानतात, म्हणून ते ॲप पुढे बऱ्याच घरांत गेलं. मोताळ्याच्या जनकाबाईंच्या फोनमध्ये तर नागपूरला नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाचा, गोविंदाचा, आवाज भरलेला होता.

फारुखभाईंनी नवा फोन घेतला आणि मी रुबिनाच्या प्रयोगांसाठी उरलो. यंदा फोनच्या कंपनीनं नव्या सिस्टिमची चाचणी आवृत्ती काढली. आपलं ॲप तिच्यावर चालतं का, हे बघायला रुबिनानं ती माझ्यात घातली.

"काय मक्खन चालून राह्यलं, अब्बा! बॅटरी बी जास्त टिकते."

फारुखभाईंनी कपड्यावरचा कापूस झटकला. "फुकटात इतकं काऊन देऊन राह्यले?"

मलाही तीच शंका होती. माझ्या अंगात कुणी परकाच राहायला आला होता. बोलायला गोड, पण माझ्या प्रत्येक हालचालीवर त्याचा डोळा.

दुपारी फारुखभाईंचा नवा फोन वेळेवर बोलला. मी बोलायला गेलो, तर कुणीतरी गळा दाबल्यासारखं झालं. रुबिनाला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिनं मला हातात धरून पुन्हा वेळ लावली, मी बोललो. गादीवर ठेवून ती कामाला लागली, मी मुका. पडद्यावर मात्र हिरवी खूण उमटली: 'आठवण दिली.'

"अब्बा, आपण पाह्यलं की बोलते, नजर हटली की चूप!"

"मंग त चोरच हाय तो."

जास्त टिकणारी बॅटरी इथून आली होती. ज्या ॲपला बोट लागत नाही, त्याला नवा पाहुणा झोपवून टाकायचा आणि काम झाल्याची खूण स्वतःच करायचा. रुबिनानं कंपनीला कळवलं. 'अभिप्रायाबद्दल आभार' एवढंच उत्तर आलं, आणि तीच सिस्टिम सगळ्यांच्या फोनवर यायला लागली.

मग तिनं घरोघरी फोन लावले. जनकाबाईंना म्हणाली, "काकू, फोननं नवं काही इचारलं त दाबू नका."

"मी त कालच हाव म्हटलं व माय! इतक्या अदबीनं इचारलं त्यानं."

"अन् गोळी?"

"गोविंदा कालपासून बोललाच नाही. रुसला असंन. तो बोलला की घेईन."

रुबिनानं मला पर्समध्ये टाकलं, अब्बांना स्कुटीवर मागं बसवलं आणि मोताळा गाठलं. जनकाबाई दाराच्या चौकटीला डोकं टेकून बसल्या होत्या. उठायला गेल्या तर तोल जात होता. फारुखभाईंनी पाणी दिलं. गोळीला मात्र त्या नाही म्हणून मान हलवत होत्या. रुबिनानं माझ्यावरून गोविंदाला फोन लावला आणि मला त्यांच्या कानाशी धरलं.

"माय, मी काऊन रुसीन व? घे ना गोळी."

त्यांचा गाल माझ्या काचेला लागला होता, ओला. त्यांनी गोळी घेतली. मग फारुखभाई डॉक्टरांना बोलावून घेऊन आले. बाई बचावल्या.

आता रुबिनानं ॲप बदललंय. खूण सिस्टिम करत नाही. गोळी घेणारं माणूस स्वतःच्या बोटानं करतं. तसं झालं नाही, तर लेकराचा फोन वाजतो.

तुम्हालाही एवढंच सांगायचंय. पडद्यानं 'दिली' म्हटलं, तरी ज्याला दिली त्या माणसाला एकदा विचारा.

आज हे सगळं बोलून घेतलं, कारण कंपनीनं पुढची आवृत्ती पाठवलीय. 'सगळं दुरुस्त केलंय,' असं म्हणतात. रुबिनाचा अंगठा माझ्या काचेवर थबकलाय. तो टेकल्यावर माझ्या आवाजात जो बोलेल, तो मीच असेन, हे मात्र मी सांगू शकत नाही.