चार बोटं टेप

मोबाइलच्या पडद्यावर लागोपाठ आठव्यांदा 'मिस' उमटलं, खेळातल्या गर्दीने हुर्यो केली आणि गाणं बंद पडलं. माणिकरावांनी चष्मा काढून पुसला आणि पंपघरात चपला घालून शिरलेल्या माणसाकडे पाहावं तसं मोबाइलकडे पाहिलं.

"हे गानं चुकलं हाय," ते म्हणाले.

सरिता त्यांची सून, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळेची माहिती भरायच्या मोबाइलमध्येच तिने हा खेळ घेतला होता. गाणं वाजतं, वरून रंगीत चौकोन घरंगळत येतात, ठोक्यावर बोट मारायचं. बरोबर पडलं तर गर्दी टाळ्या वाजवते. चुकलं तर वर सांगितलंच आहे.

"मामाजी, गानं कसं चुकन? वरिजिनल हाय ते. बोट चुकते."

"माहं बोट?"

"आतापर्यंत अठ्ठ्यान्नव टक्के होते तुमचे. मले बासष्टच्या वर जाता नाई आलं या गान्यात. पन त्या एका जागी तुमी चार ठोके आंधीच घुसता."

"मी बरोबर घुसतो. गानं मांगं राह्यते."

माणिकराव आयुष्यात कधी चुकले नव्हते. कामरगावच्या पाणीपुरवठ्याचा पंप त्यांनी एकतीस वर्षं चालवला. त्या काळात पाणी कधीच उशिरा आलं नाही, लोकांची घड्याळं तेवढी पुढे असत. लग्नसराईत ते पंचशील बँड पार्टीत साइड ड्रम वाजवत, आणि तिथे काही बिघडलं तर वरातीचा घोडा बेताल चालत असे.

हे गाणं त्याच दिवसांतलं. परदेशी, रॉक म्हणतात तसलं. शहाण्णव साली अश्वजित नावाचा पोरगा नागपूरच्या वसतिगृहातून त्याची कॅसेट घेऊन आला. कॅसेटवर खांद्यापर्यंत केस वाढवलेल्या माणसाचं चित्र होतं, म्हणून बँडमध्ये त्या गाण्याचं नाव 'केसवालं' पडलं. शब्द कोणालाच कळत नव्हते, आणि ट्रम्पेटला शब्दांची गरज नसते. दोन वर्षांत अशी पाळी आली की केसवालं वाजल्याशिवाय नवरदेव मंडपात पाय टाकेना. त्यावर पार किन्हीराजा गावापर्यंत जे पाय नाचले, ते आज गुडघ्याला चोळायचं तेल शोधत आहेत.

"तक्रार करू," माणिकराव म्हणाले. "लिव."

सरकारी नोकरीमुळे सरिताला वाटेल ते लिहून घ्यायची सवय होती. तिने खेळातली तक्रारीची जागा उघडली.

"विषय, गाण्यात चार ठोके जास्त टाकल्याबाबत. महोदय, मी खाली सही करणार..."

"मोबाइलात सही नसते, मामाजी."

"मंग अंगठा घेतील. लिव. अर्जदाराने सदर गाणे अंदाजे चारशे लग्नांत वाजवलेले असून, दुसऱ्या कडव्यानंतर गिटार वगैरे सर्व बंद होऊन नुसता ड्रम चार ठोके वाजतो, असे कोठेही आढळून आलेले नाही. मूळ कॅसेटमध्ये..."

ते थांबले. त्यांनी उजव्या हाताची चार बोटं जुळवली आणि त्यांच्या रुंदीकडे पाहत राहिले.

"फुडं काय लिवू?"

"गंगूची नेलपॉलिश," माणिकराव म्हणाले.

सरिताच्या सासूबाईंना, गंगूबाईंना, जाऊन दोन वर्षं झाली होती. सरिताने मोबाइल खाली ठेवला.

मग हळूहळू बाहेर आलं. कॅसेट नवीन होती, बँडने गाणं अजून बसवलंही नव्हतं. एका सकाळी टेपरेकॉर्डरने टेप गिळली. बाकीची मंडळी पोहे खात असताना माणिकरावांनी ती पेन्सिलीने ओढून काढली, चुरगळलेला तुकडा ब्लेडने कापला, दोन्ही टोकं बायकोच्या नेलपॉलिशने चिकटवली आणि तुकडा चुलीत टाकला. चार बोटं टेप. कोणाला सांगायचं कारण नव्हतं, कारण सांगितलं असतं तर चूक झाली असती.

"म्हंजे," सरिता जपून म्हणाली, "अख्ख्या गान्यात नुसत्या ड्रमचे चार ठोके होते, अन् ड्रमवाल्यानंच ते कापले?"

"अर्ज खोड," माणिकराव म्हणाले.

पण गोष्ट ड्रमपुरती नव्हती. त्या चार ठोक्यांत ट्रम्पेटवाल्याने श्वास घ्यायचा असतो. ट्रम्पेट वाजवायचा इंझोरी गावचा किशन. दर वरातीत, दुसरं कडवं संपलं की तिसऱ्याच्या तोंडाशी त्याचा सूर फाटायचा. तो म्हणायचा, "इथं दम घ्यायले जागाच नाई. गानं बनोनारा येवढा येडा नसन." आणि माणिकराव सगळ्यांसमोर म्हणायचे, "किशन, फेफडे भाड्यानं आनले काय बे?" वऱ्हाडी हसायचे. अकरा वर्षं हसले. मग किन्हीराजाच्या एका वरातीत सूर फाटला तेव्हा किशनने ट्रम्पेट बँडच्या गाडीत ठेवला आणि पायी चालू लागला. तेव्हापासून तो भाजीपाला पिकवत होता, आणि अठरा वर्षं माणिकरावांच्या घरात इंझोरीचं वांगं शिजलं नव्हतं.

"रयवारी सुट्टी हाय ना तुले?" माणिकरावांनी विचारलं.

रविवारी दोन गाड्या बदलून दोघं इंझोरीला पोचली. सरिता आली, कारण मोबाइल तिचा होता, आणि सासऱ्याने चूक कबूल करताना पाहायची संधी सुनेला वारंवार मिळत नाही.

किशन बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होता.

"जय भीम, किशन."

"जय भीम. बस." त्याने गोणपाट सरकवलं.

"मेथी चांगली हाय."

"हाय."

"वांग्यावर कीड दिसून राह्यली."

"कीड नाई ते. चष्मा पूस."

माणिकरावांनी चष्मा पुसला. कीड गेली. मग त्यांनी विहिरीवरच्या मोटरचा आवाज बरोबर नाही असं सांगितलं, वाऱ्याची दिशाही त्यांना पटली नाही.

"मामाजी," सरिता म्हणाली, "आपन वांगे पाह्याले नाई आलो."

माणिकरावांनी मोटरकडे पाहतच सुरुवात केली. "किशन, ते केसवालं. दम घ्यायले जागा होती त्याच्यात. चार ठोके. मीच कापले होते, ब्लेडनं."

किशनने जुडी बांधली, मुळांची माती झटकली.

"माहीत हाय."

"कवापासून?"

"गंगूवयनीनं त्याच हप्त्यात सांगतलं. तिले बहिनीच्या लग्नाले जायचं होतं, अन् नेलपॉलिशची शिशी रिकामी."

"मंग अकरा वर्सं बोलला काहून नाई बे?"

"तू बोलशील म्हनून." त्याने पुढची जुडी घेतली. "वयनीच्या मातीले आलतो मी. म्हनलं आज तरी बोलशील. तू मंडपवाल्याले सांगून राह्यला होता, खुर्च्या कमी नाई पडल्या, मानसंच जास्त आले."

"आलेच होते जास्त," माणिकराव म्हणाले. मग खाली पाहून म्हणाले, "तू आलता, ते पाह्यलं होतं मी."

मोटर व्यवस्थित चालू होती.

"पन काय कापलं ते आयकलं नाई कधी," किशन म्हणाला.

सरिताने भाजीचं कॅरेट उलटं केलं, त्यावर मोबाइल ठेवला, आवाज वाढवला. माणिकराव उकिडवे बसले, बोट पुढे केलं. केसवालं सुरू झालं. चौकोन घरंगळू लागले, माणिकरावांचं बोट एकही सोडेना. किशन मोबाइलकडे पाहत नव्हता. मेथीच्या काड्यांवर त्याची तीन बोटं, ट्रम्पेटच्या कळांवर असल्यासारखी, दाबत, सुटत, दाबत होती.

पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. शंभर टक्के, सरिताने वाकून पाहिलं.

मग सगळं थांबलं आणि नुसता ड्रम उरला.

माणिकरावांचं बोट पडद्यावर आलंच नाही. ते किशनकडे पाहत होते. चार चौकोन एकामागून एक रिकामे निघून गेले, चार वेळा 'मिस' उमटलं. किशनने मान सरळ केली, खांदे मागे घेतले आणि नाकाने सावकाश, छाती भरेपर्यंत श्वास आत ओढला. ओठ त्याने घट्ट मिटले होते, कडेला सुरकुत्या पडतील इतके.

तिसरं कडवं लागलं. चौकोन येत राहिले, कोणी बोट लावलं नाही, गर्दीने हुर्यो केली आणि गाणं बंद पडलं.

किशनने तो श्वास अजून आतच धरला होता. मग त्याने तो हळूच सोडला, मेथीची काडी उचलली आणि जुडीत खोवली.