पालकाची दुसरी जुडी

रंगाऱ्याची बायको इस्पितळात दोनशे रोग्यांचा स्वयंपाक करायची. तिथे पालेभाजी शिजवत नाहीत, उकडून मारतात, असं ती वैतागून म्हणायची. सुट्टीच्या दिवशी घरी मात्र पालक तिच्या मनासारखा व्हायचा.

त्या सकाळी तिने दोन जुड्या आणल्या. एक निवडली, तीन पाण्यांतून काढली, फडक्यावर पसरली आणि ती अंघोळीला गेली. बाहेर आली तर घरभर उकडल्याचा वास. अगदी इस्पितळातला.

गॅसपाशी नणंद उभी होती. भाऊ आजारातून उठला म्हणून भेटायला आली होती. टोपातलं हिरवं पाणी ती मोरीत ओतत होती.

"वहिनी, म्हटलं तेवढाच तुला हातभार!"

"वन्सं, पाणी का ओतलंत?"

"अगं, उग्र लागतं ते. आईनं जन्मभर अशीच भाजी केली."

टोपात शेवाळासारखा गोळा उरला होता. पाहुणीला काय बोलायचं, म्हणून ती ताटं मांडायला लागली.

जेवताना नवऱ्याने दोन घास खाल्ले आणि मान डोलावली. "वा! याला म्हणतात पालक. नाहीतर आमच्याकडे रोज गवत. कचाकचा चावत बसा!"

नणंद खुदकन हसली. सासरे, निवृत्त पोस्टमन, खाली मान घालून जेवत राहिले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तीन महिने अंथरुणात होतात. डॉक्टर म्हणाले रक्त वाढायला हवं. इस्पितळातली पाळी संपवून येऊन मी पानन् पान निवडत होते. ताट चाटूनपुसून खाल्लंत, तेव्हा नव्हतं का गवत?"

"अगं, गंमत केली!"

"माझ्या कष्टांची?"

ती ताटावरून उठली. दुसरी जुडी खसाखसा धुतली, चिरली. मोठ्या आचेवर कढई, तेल, ठेचलेला लसूण. पालक पडताच कढई चरचरली. उलथनं असं आपटत होतं की शेजाऱ्यांनाही भांडण कळावं. दोन मिनिटांत पानं मऊ झाली, रंग मात्र तसाच तजेलदार. लसणाचा वास पसरला तशी नवऱ्याने हळूच ताट पुढे सरकवलं.

"ताट मागे घ्या. तुमची भाजी टोपात आहे, ती संपवा."

"सूनबाई," सासरे चाचरत म्हणाले, "मला वाढशील?"

तिने वाढलं. म्हाताऱ्याने डोळे मिटून घास चावला. "देठ गोड लागतात गं. तो उकडलेला मला कधीच आवडला नाही. चाळीस वर्षं बोललो नाही."

"बाबा!" नणंद ओरडली.

त्यांना वाटलं, सून खूश होईल. ती त्यांच्यावरच उसळली. "मग तेव्हाच बोलायचं होतं! सासूबाईंनी वेगळी केली असती. तुम्ही गप्प बसायचं, ह्यांनी गंमत करायची, आणि चुलीपुढे राबणारीनं काय समजायचं?"

ती कढई पुढ्यात ओढून जेवायला बसली. रागातही भाजी फर्मास लागत होती. तिने शेवटचं पानही ठेवलं नाही. नवऱ्याने मुकाट्याने गोळा गिळला. नणंद चहाला थांबली नाही.

आठवडाभर तिने नवऱ्याशी अबोला धरला. पुढच्या सुट्टीला उठून पाहते तर तो मोरीपाशी पालक घेऊन बसलेला, मांडीभर चिखल.

"आधी मुळं तोडा," ती खेकसली आणि सुरी त्याच्यापुढे आदळली.