अमेरिकन कॉलनीतला कट्टा

कोल्हापुरातल्या त्या कॉलनीच्या कमानीवर ‘अमेरिकन कॉलनी’ अशी पाटी लागली आणि चेअरमन आकारामच्या अंगात अमेरिकाच संचारली. सगळी घरं एकसारखी पांढरी, दारापुढं काही नको, असा ठराव झाला. लोकांनी मुकाट्यानं घरं रंगवली. आडवा आला तो आक्काताईंच्या दारातला कट्टा.

तो त्यांच्या नवऱ्यानं, गणपती गवंड्यानं, स्वतःच्या हातानं बांधला होता. गावाकडं गणपतीच्या बापाला कुणी आपल्या कट्ट्यावर टेकू दिलं नव्हतं. उभ्यानं बोलायचं आणि निघायचं. म्हणून इथं गणपतीनं घराच्या भिंतींआधी कट्टा बांधला. येईल त्यानं बसावं. गणपती गेला, कट्टा राहिला.

शनिवारी संध्याकाळी आकाराम घणवाला गडी घेऊन आला. आक्काताई सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन कट्ट्यावर बसल्याच होत्या.

“उठा आक्का. अमेरिकेत असलं कायबी नसतंय.”

“तू गेलतास व्हय रं? मी सा म्हैनं ऱ्हाऊन आलोय लेकाकडं. एका फिलाडेल्फियात छप्पन तऱ्हेची घरं. कुठं लाल विटांची, एकमेकांस्नी चिकटल्याली. कुठं लाकडाची, व्हरांड्याची. मधी काचंच्या माड्या. तुझ्यासारखा समद्यास्नी एकच चुना कुणी फासला न्हाय. फोडायचा तर माझ्यासकट फोड!”

म्हातारीचं काय ऐकायचं! आकारामनं तिथल्या तिथं तिच्या लेकालाच, प्रसेनजीतला, व्हिडिओ कॉल लावला. इंजिनिअर माणूस, तो तरी शहाण्यासारखं बोलेल.

“सांग बाबा आईला, तिकडं दारात कट्टा असतोय का?”

तिकडं सकाळ होती. प्रसेनजीतनं दार उघडून फोन रस्त्याकडं वळवला. विटांच्या घरांची रांग, प्रत्येक दाराचा रंग निराळा आणि प्रत्येक दारापुढं दगडी पायऱ्या. शेजारच्या पायरीवर एक म्हातारी चहाचा कप घेऊन बसली होती.

“मोना!” आक्काताई ओरडल्या. सहा महिने दोघी त्याच पायरीवर बसल्या होत्या, एकमेकींची भाषा येत नसताना.

मोनानं हात हलवला आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर थाप मारली.

इकडं कॉलनीतली शेजारीण फातिमा आली आणि आक्काताईंना खेटून बसली. घणवाल्यानं घण खाली ठेवला. आक्काताईंनी त्यालाही सरकून जागा दिली, सूप पुढं केलं. उभा राहिला एकटा आकाराम.

आक्काताईंनी कट्ट्यावर थाप मारली. “ह्या दारात कुणी उभ्यानं बोलायचं न्हाय, असं सांगून गेलाय माझा नवरा. बस, न्हायतर चालायला लाग.”