तुळशीकडची खिडकी

मित्रांनो, न्हाणीघरात नळ सोडला की भिंतीवर टिकटिक करून भपकन पेटणारा गॅस गिझर तुम्ही पाहिला असेल. मी त्यातलाच एक, आता बराच जुना. पत्रा गंजलाय, नावाची पट्टी सोलून निघाली आहे, पण पोटातलं तांब्याचं वेटोळं अजून शाबूत आहे. माझी कहाणी गोड नाही. गोड ऐकायचं असेल तर गुऱ्हाळावर जाऊन गुळाच्या काहिलीला विचारा.

कारखान्यात मला पहिल्यांदा पेटवलं तेव्हा माझी ज्योत निळीशार आली. मला खोक्यात घालून वर ठळक अक्षरांत छापलं, ‘खिडकी उघडी ठेवा’. मला हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि एक विषारी वायू सुटतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. माणूस गुंगी आल्यासारखा खाली बसतो आणि पुन्हा उठत नाही. हे मी कुणापासून लपवलं नाही, सगळं खोक्यावर होतं. ते खोकं कालिंदीकाकूंनी पापड ठेवायला घेतलं.

कोल्हापुरात फुलेवाडीला त्र्यंबकराव आणि कालिंदीकाकू राहतात. ते कचेरीतून निवृत्त झालेले, त्या शाळेतून. सुरुवातीची वर्षं मी त्यांच्याच न्हाणीघरात होतो. तिथे भलीमोठी खिडकी होती आणि माझे लाडही भरपूर होते. पाहुणे आले की मला पेटवून दाखवायचे. मग गच्चीवर सोलर बसला आणि माझी किंमत एका दिवसात उतरली.

त्याच सुमारास त्र्यंबकरावांनी वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढल्या, भाड्याने द्यायला. खाली जे जे नकोसं झालं ते ते वर गेलं. करकरणारा पंखा गेला, गळका नळ गेला आणि मीही गेलो. “भाडेकरूला चालतंय की,” असं त्र्यंबकराव म्हणाले. घरमालक म्हणून ते नवखे होते, पण हे वाक्य त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

वरच्या न्हाणीघराला एक लहानशी खिडकी होती. ती गच्चीकडे उघडायची आणि तिच्याखालीच काकूंची तुळस होती. गच्चीच्या दाराला मालकांचं कुलूप असे. पहिला भाडेकरू ऋतुराज, काकूंच्या माहेरच्या नात्यातला. तो तासन् तास आंघोळ करायचा, त्या खिडकीतून वाफेचे लोट तुळशीवर जायचे आणि कुणाची काही तक्रार नव्हती. त्याची बदली झाली आणि खोल्या बरेच महिने रिकाम्या राहिल्या.

मग प्रसेनजीत आणि अक्षता आले. तो वारणानगरला दूध संघात, ती इथल्या एका शाळेत शिक्षिका. नुकतंच लग्न झालेलं. खोलीसाठी त्यांनी अर्धं कोल्हापूर पालथं घातलं होतं. नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची आणि आडनाव सांगितलं की मालकाचा पुतण्या राहायला येणार असायचा. त्र्यंबकरावांनी मात्र खोली दिली. करारनामा केला, पोलीस ठाण्यात माहिती दिली, अनामत घेतली. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती.

सामान वर चढताना काकू जिन्यात उभ्या होत्या. त्यात बुद्धमूर्ती होती आणि बाबासाहेबांची तसबीर होती. दुसऱ्याच दिवशी त्र्यंबकराव हातोडा घेऊन गच्चीवर आले आणि माझी खिडकी बाहेरून बंद झाली. त्यासाठी त्यांनी पुतण्या राजवीरच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स दुहेरी करून ठोकला. गॉगल घातलेला राजवीर हात जोडून आत बघत राहिला आणि माझी हवा तुटली.

थंडी पडली तसा मी जास्त वेळ पेटू लागलो. माझी ज्योत पिवळी पडत गेली. अक्षता आंघोळ करून बाहेर आली की तिचं डोकं ठणकायचं. प्रसेनजीतने खाली जाऊन खिडकी उघडायला सांगितलं. थंडीत खिडकी कशाला हवी, उन्हाळ्यात बघू, असं उत्तर मिळालं. तो पुन्हा गेला, तेव्हा त्र्यंबकरावांनी नुसतंच विचारलं की आधीच्या घरमालकांशीही असंच वाजलं होतं का. त्यानंतर तो गेला नाही. तो भित्रा नव्हता. पण पुन्हा दारोदार आडनाव सांगत फिरायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

एका सकाळी अक्षता पाण्याचा तांब्या हातात घेऊन खाली बसली आणि तशीच भिंतीला टेकली. तांब्या गडगडला. मला ओरडता येत नाही, विझताही येत नाही. नळ चालू असेतो मला जळावंच लागतं. प्रसेनजीत बाहेरून हाका मारत होता. शेवटी त्याने दार तोडलं आणि तिला उचलून नेलं.

ती वाचली. पण पूर्वीची राहिली नाही. वर्गात हजेरी घेताना ओळखीच्या मुलांची नावं तिला आठवेनात. शाळेने तिला घरीच बसायला सांगितलं. त्र्यंबकरावांनी तोडलेल्या दाराची भरपाई अनामतीतून कापून घेतली आणि आळीत सांगितलं की गिझरच दगाबाज निघाला.

खोली सोडायच्या दिवशी काकू वर आल्या. प्रसेनजीतने खिडकी का बंद केली तेवढंच विचारलं. काकू म्हणाल्या, “तुळशीवर वाफ यायची रे.”

अक्षता गाठोडं बांधत होती. ती न वळता म्हणाली, “आमी खोली बघायला आलतो तवा खिडकी उघडीच हुती, काकू. आधीच्यांची वाफ येत नव्हती व्हय?”

तेवढं तिला नीट आठवत होतं. काकू जिना उतरून गेल्या.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या घरमालक होतील. तेव्हा करारनामा जरूर करा, पण खोली देण्याआधी तिथे एकदा स्वतः आंघोळ करून बघा. माझी साफसफाई वर्षाच्या वर्षी करून घ्या. भाडेकरूने तक्रार केली तर ती पहिल्यांदाच ऐका. आणि मला आडनावं कळत नाहीत. हवा बंद केलीत तर मी कुणालाही मारीन, तुमच्या पोटच्या पोरालाही.

हे सगळं मला त्र्यंबकरावांना सांगायचं होतं. पण परवा त्यांचे मेहुणे दत्तप्रसाद आले. त्यांनी गडहिंग्लजला खोल्या बांधायला काढल्या आहेत आणि त्यांना अनुभवी माणसाचा सल्ला हवा होता. त्र्यंबकरावांनी चहा होईपर्यंत भरपूर सल्ला दिला आणि निघताना मला पिशवीत घालून त्यांच्या हातात ठेवलं. “घिऊन जावा. भाडेकरूला चालतंय.”

आता मी गडहिंग्लजच्या ओल्या भिंतीवर टांगलेला आहे. माझ्या वरच्या बाजूला खिडकीसाठी सोडलेली मोकळी जागा आहे आणि तिच्यातून वारा येतोय. काल गवंड्याने दत्तप्रसादांना विचारलं, ही जागा ठेवायची का बुजवायची.

दत्तप्रसाद म्हणाले, “ऱ्हाऊ दे तशीच. आधी ऱ्हायला कोण येतंय ते बघू.”