संतालाही दृष्ट लागते तेव्हा

बुधवारी सकाळी आमचं अर्धं रोक्काफुमा गाव गंधकाच्या गरम कुंडात गुडघाभर पाण्यात उभं होतं आणि उरलेलं अर्धं पायऱ्यांवर जागेसाठी भांडत होतं. याच कुंडात रोमन शिपायांनी जखमा धुतल्या, एका पोपने सुजलेले गुडघे शेकले. पण एवढी गर्दी त्यांच्या वेळीही झाली नसेल. मी तिथे तीस वर्षं पंचे वाटतोय. त्या दिवशी पंचे नऊलाच संपले.

मधोमध ब्रदर सेराफिनो. कुठल्या मठाचा, कोणी विचारलं नाही. दाढी कमरेपर्यंत होती, म्हणजे प्रश्नच मिटला.

"चांदी खोटं बोलत नाही, लेकरांनो," तो सांगत होता. "पाण्यात काळी पडली, तर समजा घराला दृष्ट लागलीय."

लोक साखळ्या, अंगठ्या बुडवत होते. बघता बघता चांदी पिवळी, मग तपकिरी, मग काजळासारखी काळी. शेवटी सेराफिनो स्वतःचा क्रॉस बुडवी. तो लख्खच्या लख्ख. मग काळी साखळी घेऊन पडद्यामागे जाई, लॅटिनसारखं काहीतरी पुटपुटे आणि दहा मिनिटांत चकचकीत करून आणून देई. बदल्यात एक हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली अख्खी तंगडी. आत इतके हॅम टांगलेले होते, की दृष्ट काढायला जागा कुठे उरली, हेच मला कळेना.

तुम्ही म्हणाल, जन्म कुंडाकाठी गेला आणि एवढं कळलं नाही? नाही कळलं. आमच्याकडे पाण्यात उतरण्याआधी अंगावरची चांदी घरी काढून ठेवतात. गावाचा राखणदार संत तेओफ्रिदो, त्याला मिरवणं आवडत नाही, असं आज्या सांगतात. त्यामुळे पाण्यात चांदीचं काय होतं, ते कोणी पाहिलेलंच नव्हतं.

इथवर मजा होती. पण माझी भाची निवेस त्याच्या लॅटिनला हसली. रविवारी तिचं लग्न, बेकरीवाल्या तुल्लिओशी. होणाऱ्या सासूने, एर्मिनियाने, दिलेली साखळी तिने बुडवली, ती काळी पडली, आणि सेराफिनोने डोळे मिटून घेतले.

"ही दृष्ट घराची नाही, पोरीची आहे. वर्षभर हिला सून करून घेऊ नका."

एर्मिनियाने तिथल्या तिथे लग्न मोडलं. तुल्लिओ आईपुढे शेळी. तो बुटांकडे बघत राहिला. पोर घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली, आणि माझं डोकं असं फिरलं की मी तडक झेलिंदाआत्याकडे गेलो. चर्चमधली चांदी तिच्या ताब्यात असते.

"पडद्यामागे काय काय आहे रे?" तिने विचारलं.

"हॅम. आणि चुलीवर एक अल्युमिनियमचं पातेलं. स्वयंपाक करत असेल."

"आणि सोडा?"

"डबाभर."

झेलिंदाआत्या इतकी हसली, की तिला खुर्चीत बसवावं लागलं. मग तिने हसू आवरून डोळे पुसले. "उद्या येते मी," म्हणाली.

गुरुवारी ती पदरासारखा एप्रन सावरत गर्दीतून आली. एप्रनमध्ये चर्चमध्ये पुजला जाणारा संत तेओफ्रिदोचा चांदीचा हात. चारशे वर्षं न काळवंडलेला, आमच्या गावाचा अभिमान. मागून फादर गास्पारे धापा टाकत येत होते.

"झेलिंदा, नको गं."

"जरा आंघोळ घालते त्यांना, फादर," ती म्हणाली आणि हात पाण्यात बुडवला.

संतांची बोटं आमच्या डोळ्यांदेखत काळीठिक्कर पडली.

"काय हो ब्रदर? संतांना कोणाची दृष्ट लागली?"

"अख्ख्या गावाची," सेराफिनो घाईने म्हणाला.

"मग माझा हॅम फुकट गेला की," खाटीक म्हणाला.

आत्याने पडदा ओढला. पातेल्यातल्या गरम पाण्यात सोडा टाकला, मीठ टाकलं, संतांचा हात ठेवला. लॅटिनऐवजी ती आम्हाला घेवड्याचं सूप कसं करायचं ते सांगत राहिली. सूप शिजायच्या आत हात लख्ख.

"पाण्यातला गंधक चांदीला धरतो, म्हणून काळं. सोड्याच्या गरम पाण्यात अल्युमिनियमला टेकवलं की सुटतो. आणि याचा क्रॉस स्टीलचा आहे, माझ्या स्वयंपाकघरातल्या डावासारखा. तो कशाला काळा पडेल?"

"पण संतांचा हात आपोआप चमकतो ना?" एर्मिनियाने विचारलं.

"चाळीस वर्षं मी चमकवतेय, बाई. चर्च कुंडाला लागून, त्या वाफेनेच काळा पडतो तो. लोकांना चमत्कार आवडत होता, म्हणून मी गप्प बसले. चुकलं माझं. माझ्या गप्प बसण्यावरच या मेल्याचं दुकान चाललं."

मग खाटकाला हसू फुटलं, आणि ते पसरत पसरत फादरपर्यंत गेलं. सेराफिनो तेवढ्यात दोन हॅम काखोटीला मारून उतारावरून पळाला. तिसऱ्या वळणावर एक हॅम सुटला आणि त्याच्या पुढे धावू लागला.

एर्मिनियाने निवेसला बोलावणं धाडलं. निवेस आली, पण पातेल्यापाशी हाताची घडी घालून उभी राहिली.

"साखळी तुम्ही स्वच्छ करा, सासूबाई. सगळ्यांसमोर."

एर्मिनियाने केली. दहा मिनिटं वाफ खात उभी राहिली आणि स्वतःच्या हाताने साखळी पोरीच्या गळ्यात घातली. तुल्लिओने पहिल्यांदाच बुटांवरून नजर उचलली. रविवारी लग्न झालं आणि मी वाजवीपेक्षा जास्त नाचलो.

ज्याला लाज वाटायला हवी तो तर पळून गेला. मला लाज वाटते ती आमची. "हे कसं होतं?" एवढंच विचारायचं होतं. ते न विचारता आम्ही हॅम दिले, आणि आमची एक पोर द्यायला निघालो होतो. तुम्ही विचारा. देव असेल तर तो रागावणार नाही, आणि भोंदू असेल तर तो नक्की रागावेल.