काढून टाकलेला आवाज

दर रविवारी दुपारी चार वाजता कसबा पेठेत श्रीधर रानड्यांच्या दोन खोल्यांत तिघंजण गाणं ऐकायला जमत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले श्रीधरकाका, बँकेतला अभय आणि सॉफ्टवेअर कंपनीतली नीरजा. ती वाघोलीहून दोन बस बदलून यायची. प्रत्येकानं आवडता अल्बम आणायचा, ऐकताना बोलायचं नाही, असा नेम. काका मात्र कायम एकच कॅसेट लावत. एक्याऐंशी साली रेकॉर्ड प्लेअरसमोर माइक ठेवून त्यांनी घरीच भरलेला भीमपलास.

"अहो काका, याची सीडी मिळते की," अभय म्हणाला.

"मिळते. दवाखान्यासारखी स्वच्छ आहे. ती तुम्ही ऐका."

फीत पार झिजली होती. तुटायच्या आत कॉम्प्युटरवर उतरवून देते म्हणून नीरजानं ती घरी नेली आणि हौसेनं सगळी खरखरही काढून टाकली. पुढच्या रविवारी तिनं नवी सीडी लावली. गायिका समोर बसून गातेय असं वाटत होतं. अभय डोलायला लागला. काका कान देऊन बसले होते. मग उठले, स्वयंपाकघरात डोकावून परत आले.

"सुशीला कुठंय?"

अभय डोलायचा थांबला. काकांच्या पत्नीला, सुशीलाबाईंना, जाऊन सहा वर्षं झाली होती.

"कॅसेट भरताना ती आत होती," काका म्हणाले. "त्या खरखरीत असायची. तू पुसलीस तिला."

नीरजाचा चेहरा उतरला. इतक्यांदा कॅसेट ऐकूनही तिला कधी काही ऐकू आलं नव्हतं. शनिवारी घरी तिनं मूळ फाइल उघडली. गाळलेला आवाज तेवढा वेगळा ऐकायची सोय होती. हेडफोन लावला. बराच वेळ नुसती सळसळ. मग कपबशी वाजली, बांगड्या किणकिणल्या. कुणीतरी गाण्यामागून गुणगुणत होतं, एका जागी सूर चुकून स्वतःशीच हसलं. आणि अगदी कानाशी आवाज आला, "अहो, ऐकताय ना?"

नीरजानं हेडफोन काढून मागं पाहिलं. भरदुपारी तिनं उठून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

तो आवाज सीडीवर उतरवून तिनं काकांना नेऊन दिला. सीडीतून प्रश्न आला, तशी काकांनी सहज मान वळवली. "ऐकतोय," ते मोठ्यानं म्हणाले.

त्यानंतर रविवार बंद पडले. काका फोनवर "आज जमणार नाही" एवढंच सांगत. होळीच्या सुमारास नीरजा न राहवून गेली. काका निम्मे झाले होते. दाराशी तीन खोकी भरून कॅसेटी ठेवल्या होत्या.

"घेऊन जा सगळ्या," ते म्हणाले. "गाण्याची आता अडचण होते गं. ती बोलत असते आणि हे मध्ये येतं."

आतल्या खोलीत सळसळ चालू होती. टेबलावर चहाचे दोन कप होते. नीरजानं एक उचलायला हात पुढं केला.

"तो नको," काका हळूच म्हणाले. "तुझा आणतो."

ती सीडी परत मागायचीच, असं ठरवून ती आली होती. पण तिला ते सांगवलं नाही. तिनं मुकाट्यानं तिसरा कप घेतला आणि चहा संपेपर्यंत काकांसोबत ती सळसळ ऐकत बसली. खोकी मात्र तिनं नेली नाहीत.