दवाखान्याखालचा सतरा नंबर

मित्रांनो, भूकंप झाला आणि माझ्या डोक्यावरचा दवाखाना वाचला. पण ते सोडा. असं काही घडलंच नाही, असं समजा. सगळे तसंच समजतात.

मी एक जुना रबरी ठोकळा आहे. इमारत आणि पाया यांच्यामध्ये बसतो. एक थर रबराचा, एक पत्रा पोलादाचा, पुन्हा रबर, असं रचून कारखान्यात मला तापवलं, दाबलं आणि पोटावर रंगाने '१७' लिहिलं. काम सोपं. जमीन हलली की आपण लवायचं, वरच्यांना कळू द्यायचं नाही.

दरवर्षी एक तपासनीस वाकून तळघरात येत. टेपने माझी उंची मोजत, पोटावर थाप मारून म्हणत, "काय सतरा, तब्येत ठणठणीत ना?" वर इतके डॉक्टर, पण माझी विचारपूस एवढीच. मग ते इमारतीभोवतीची हातभर रुंद फट बघत. ती रिकामीच हवी, नाहीतर इमारत हलताना बाजूच्या भिंतीवर आदळेल.

ते निवृत्त झाले आणि मग कोणी आलंच नाही. व्यवस्थापकांना फट म्हणजे वाया गेलेली जागा वाटली. त्यांनी तिच्यात मोडक्या खाटा कोंबल्या, वर माती टाकून गुलाब लावले. बागेला बक्षीसही मिळालं. मी खाली जीव मुठीत धरून बसलो. मला मूठ नाही, तरी धरला.

एके दुपारी तपासनीस स्वतःच पेशंट म्हणून आले. चाकाच्या खुर्चीतून गुलाब दिसताच ओरडले, "फट कोणी बुजवली?"

"काका, बाग आहे ती. जरा हवा घ्या," व्यवस्थापक म्हणाले.

"हवा कसली? वर बाळंतिणी आहेत!"

"अहो, बक्षीस मिळालंय तिला."

"मग ते बक्षीस ठेवा इमारतीखाली. बघू पेलतं का!"

आणि सलाईनच्या नळीसकट उतरून ते गुलाब उपटायला लागले. "बाबा, सुई निघेल!" म्हणत त्यांची मुलगीही उपटायला लागली. शेवटी लाजेकाजेस्तव व्यवस्थापकांनी फट मोकळी केली.

नवव्या दिवशी जमीन हलली. मी वीतभर लवलो, परत जागेवर आलो. वर एक बाळसुद्धा जागं झालं नाही. व्यवस्थापकांनी अहवालात लिहिलं, 'विशेष काही घडले नाही.'

मित्रांनो, रिकामी जागा दिसली की भरण्याआधी कोणाला तरी विचारा.

आणि वरिष्ठांस नम्र विनंती, की सदर तपासनिसांना वर्षातून एकदा, थाप मारण्यापुरते, पुन्हा सेवेत घ्यावे. ते गेल्या महिन्यात वारले, ही बाब किरकोळ अडचण समजावी.

आपला विश्वासू,
सतरा